वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यात एका दिवसाचे कुत्ना होरा

चेक प्रजासत्ताकातील कुत्ना होरा या जुन्या खाणगावाचा उल्लेख या सदरात ओझरता येऊन गेला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पाचही वाचकांना हिवाळ्यातच जायचे आहे, त्यामुळे उन्हाळ्यातील कुत्ना होराविषयी येथे काही लिहिलेले नाही.

प्रश्न : आमची मुलगी नोकरीनिमित्त प्रागला असते. आम्ही उभयता, वय ६४ व ६१, जानेवारीत तिच्याकडे तीन आठवडे जाणार आहोत. तिला कामाच्या दिवसांत एकच रजा मिळणार आहे. तिच्या कचेरीतील मंडळी चेस्की क्रुमलोवला जा म्हणतात, आपण कुत्ना होरा सुचवता. दिवस लहान आणि थंडी कडक असताना नेमके कोठे जावे, आणि दिवस कसा आखावा?
एक वाचक, सांगली

उत्तर : चेस्की क्रुमलोव देखणे आहे याबद्दल दुमत नाही, परंतु प्रागहून तेथे पोहोचण्यास सुमारे तीन तास लागतात आणि परतण्यासही तेवढेच. जानेवारीत प्रागकडे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. त्या आठ-साडेआठ तासांतील बराचसा उजेड बसच्या खिडकीतून पाहावा लागणार असेल, तर एकुलत्या एका रजेचा तो चांगला उपयोग नव्हे. कुत्ना होरा प्रागच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि प्रागच्या मुख्य स्थानकावरून थेट गाडीने तासाभरात तेथे उतरता येते. वयाचा, थंडीचा आणि उजेडाचा हिशेब मांडला, तर माझे मत निःसंशय कुत्ना होराच्या बाजूने आहे.

दिवस आखताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी, ती म्हणजे हे गाव दोन तुकड्यांत वसलेले आहे. मुख्य रेल्वे स्थानक सेदलेत्स या भागाजवळ आहे. येथे पूर्वी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता, आणि हाडांनी सजवलेले प्रसिद्ध प्रार्थनास्थळही येथेच आहे. खाणमालकांचे आणि टांकसाळीचे जुने गाव तेथून अडीच-तीन किलोमीटर पुढे, वृख्लित्से नावाच्या लहानशा नदीच्या दरीकाठी आहे. या नदीचे नाव लिहिताना आपला ‘वृ’ जसाच्या तसा उपयोगी पडतो, कारण चेक भाषेत ‘र’ला स्वराविना उभे राहण्याची सवय आहे. अनेक प्रवासी आधी जुन्या गावात जातात आणि सेदलेत्स परतीच्या वाटेवर ठेवतात. हिवाळ्यात हा क्रम हमखास फसतो, कारण चारच्या सुमारास सेदलेत्समधील दारे बंद होऊ लागतात. म्हणून सकाळी आठच्या आसपासची गाडी पकडावी, स्थानकावरून चालत सेदलेत्सला जावे आणि तेथील दोन्ही वास्तू, म्हणजे मठाचे मुख्य चर्च आणि हाडांचे प्रार्थनास्थळ, सकाळीच पाहून घ्याव्यात. तिकिटे हाडांच्या प्रार्थनास्थळाच्या दारात न मिळता जवळच्या माहिती केंद्रात मिळतात. दोन्ही वास्तू आणि जुन्या गावातील संत बार्बरा चर्च यांचे एकत्रित तिकीट तेथेच घ्यावे, म्हणजे दुपारी पुन्हा रांगेत उभे राहावे लागत नाही.

सेदलेत्स ते जुने गाव हे अंतर आपण पायी तोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रस्ता सपाट आहे, पण रुक्ष आहे, आणि तेथे खर्ची पडलेली पायांतील शक्ती दुपारी दगडी चढावर हवी असते. मुख्य स्थानक, सेदलेत्स थांबा आणि ‘म्येस्तो’ म्हणजे शहर हे स्थानक यांना जोडणारी छोटी लोकल गाडी आहे, बसही आहे. प्रागहून तिकीट काढतानाच ते कुत्ना होरा म्येस्तोपर्यंतचे आणि जाऊन-येऊन असे काढावे.

जुन्या गावात प्रथम टांकसाळीचा वाडा पाहावा, नंतर निवांत जेवावे आणि अडीचच्या सुमारास संत बार्बरा चर्चमध्ये पोहोचावे. या चर्चच्या खिडक्या फार मोठ्या आहेत आणि हिवाळ्यातील तिरपे ऊन असलेच तर ते या वेळी आतील खांबांवर पडते. ढगाळ दिवसही वाया जात नाही, कारण आत उजेड सर्वत्र सारखा, दुधी पसरतो आणि छतावरील नक्षी अधिक स्पष्ट दिसते. चर्चमधून बाहेर पडून जेझुइट विद्यालयाच्या लांबलचक इमारतीसमोरील गच्चीवरून गावाकडे परत यावे. या गच्चीच्या कठड्यावर संतांच्या बरोक शैलीतील मूर्तींची ओळ आहे. प्रागचा चार्ल्स पूल पाहिलेल्यांना तिची ठेवण ओळखीची वाटेल, फरक इतकाच की येथे खाली बर्फाने पांढरे झालेले उतरणीवरील द्राक्षमळे असतात आणि माणसांची गर्दी नसते. या गच्चीवर दिवे लागण्याच्या वेळी पोहोचावे, हीच त्या दिवसाची खरी आखणी. बाकी सगळे मागेपुढे झाले तरी चालेल.

एक गोष्ट मात्र यादीतून काढून टाकावी. ह्रादेक नावाच्या जुन्या गढीतील चांदीचे संग्रहालय आणि त्याला जोडलेली मध्ययुगीन खाणीची सफर डिसेंबर ते मार्च या काळात बंद असते. हे आधी पाहून न ठेवल्यामुळे एका जानेवारीत मी त्या दारापर्यंत चढून जाऊन हात हलवत परत आले आहे. पांढरा डगला आणि शिरस्त्राण घालून अंधाऱ्या, अरुंद बोगद्यातून चालण्याचा तो प्रकार गुडघ्यांना फारसा मानवणारा नाही, एवढे समाधान करून घ्यावे.

प्रश्न : कुत्ना होराला गेलेली सगळी मंडळी तेथील हाडांच्या झुंबराचेच वर्णन करतात. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई असतील. मृतांच्या अस्थी अशा टांगून ठेवणे त्यांना अघोरी वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही थोडे तसेच वाटते. तेथे जावे का? न गेल्यास सहल अपुरी राहील का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या घरांत अस्थी गोदावरीच्या प्रवाहात सोडल्या जातात, त्या घरांतील माणसांना हा प्रश्न पडणे अगदी स्वाभाविक आहे, त्यातून आपण नाशिकच्या, म्हणजे रामकुंड दाराशीच. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी त्या जागेची हकीकत सासूबाईंना सांगावी, असे मला वाटते.

सेदलेत्सच्या मठाची स्थापना ११४२ मध्ये झाली. १२७८ मध्ये चेकांचा राजा ओताकार दुसरा याने मठाधिपती यिंद्रिख याला जेरुसलेमला पाठविले. येशूला जेथे सुळावर चढविले त्या गोल्गोथा टेकडीवरील मूठभर माती त्याने परत आणून मठाच्या दफनभूमीत पसरली, असे सांगितले जाते. काशीत देह ठेवण्याची इच्छा आपल्याकडे जशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तशीच त्या मातीत पुरले जाण्याची इच्छा मध्य युरोपात पसरली आणि दूरदूरची माणसे आपल्या मृतांना येथे आणू लागली. १४व्या शतकाच्या मध्यावर प्लेगची साथ आली, १५व्या शतकात हुसाइटांची, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांची, युद्धे झाली आणि दफनभूमीत जागा उरली नाही. जुन्या कबरी उकरून निघालेली हाडे तेथील सर्व संतांच्या चर्चच्या तळघरात रचून ठेवण्यात आली. ही हाडे सुमारे चाळीस हजार किंवा त्याहून अधिक माणसांची असावीत, असा अंदाज आहे.

आज दिसणारी सजावट मात्र मध्ययुगातील नाही, आणि हे बहुतेक प्रवासवर्णनांतून निसटते. मठ विसर्जित झाल्यानंतर ती मालमत्ता श्वार्त्सेनबेर्क या सरदार घराण्याकडे आली. त्यांनी नेमलेल्या फ्रांतिशेक रिंट या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने १८७० मध्ये झुंबर, पात्रे आणि त्या घराण्याचे कुलचिन्ह हाडांतून घडविले. कुलचिन्हातील एक कावळा तुर्काच्या कवटीचा डोळा टोचताना दाखविला आहे आणि जिन्याजवळ रिंटने स्वतःचे नावही हाडांनीच लिहून ठेवले आहे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर मृतांच्या हाडांतून सरदारांचे कुलचिन्ह रचण्याची कल्पना मला रुचत नाही, आणि कारागिराची स्वाक्षरी तर त्याहूनही नाही. परंतु झुंबराच्या चार बाजूंना कवट्यांचे जे उंच ढीग रचले आहेत, त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर साथ आणि युद्ध या दोन शब्दांचा अर्थ जसा कळतो, तसा पुस्तकात कळत नाही. अनेक वर्षे तेथे जतनाचे काम चालू आहे आणि त्यासाठी ते ढीग उतरवून, हाडे स्वच्छ करून, पुन्हा रचले जात आहेत. २०२० पासून परवानगीवाचून आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. हा निर्णय मला फार योग्य वाटतो, कारण त्यापूर्वी लोक तेथे कवट्यांच्या शेजारी हसतमुखाने स्वतःची छायाचित्रे काढीत असत.

सासूबाईंना तरीही जावेसे वाटले नाही, तर आग्रह करू नये. तेथून काही मिनिटांवर असलेल्या मठाच्या मुख्य चर्चमध्ये त्यांना घेऊन बसावे. १४२१ मध्ये हुसाइट सैन्याने ते जाळले आणि पुढे पावणेतीनशे वर्षे ते भग्नावस्थेत उभे होते. १८व्या शतकाच्या आरंभी यान ब्लाझेय सांतिनी या वास्तुकाराने ते पुन्हा उभारले. जुना गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीतील, सांगाडा पाडून टाकण्याऐवजी त्याने त्याच्याच वळणाने नवे छत चढविले आणि पिवळसर-पांढऱ्या भिंतींचे इतके मोकळे, निरलंकृत मंदिर निर्माण केले की सोन्याने मढलेली बरोक चर्चे पाहून थकलेल्या डोळ्यांना ते थंडावा देते. हिवाळ्यात थंडावा अर्थात शब्दशः मिळतो, कारण आत ऊब नसते. मठाच्या उरलेल्या इमारतींत १९व्या शतकापासून तंबाखूचा कारखाना आहे, हे ऐकून सासूबाई काय म्हणतात ते मला अवश्य कळवावे. हाडांचे प्रार्थनास्थळ वगळले तर सहल अपुरी राहत नाही. हे चर्च वगळले तर राहते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असे. कुत्ना होराची टांकसाळ ‘इटालियन’ का म्हणविली जाते, आणि एवढ्या श्रीमंत गावाला आपले मुख्य चर्च पूर्ण करण्यास पाचशे वर्षे का लागावीत? मार्गदर्शक पुस्तिकेत दोन्हींची उत्तरे एकेका ओळीत उरकली आहेत.
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर चांदी हेच आहे. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात येथे चांदीच्या मोठ्या शिरा सापडल्या आणि ओसाड टेकड्यांवर बघता बघता गाव उभे राहिले. एका साधूला डुलकी लागली असता जमिनीतून वर आलेली चांदी दिसली आणि जागा ओळखू यावी म्हणून त्याने आपला डगला, म्हणजे ‘कुत्ना’, तेथे टाकून ठेवला, अशी नावाची दंतकथा आहे; ‘होरा’ म्हणजे डोंगर. खणण्याच्या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दाशी नाव जोडणारे मत मला अधिक पटते, कारण पहिले खाणकामगार बहुतांशी जर्मन भाषक होते.

राजा वात्स्लाव दुसरा याने १३०० मध्ये राज्यभर विखुरलेल्या टांकसाळी बंद करून नाणी पाडण्याचे काम येथे एकवटले आणि चांदीचे ‘प्राग ग्रोशेन’ हे नाणे चालू केले. या सुधारणेसाठी त्याने फ्लॉरेन्सचे जाणकार बोलाविले होते, म्हणून ती वास्तू ‘व्लाश्स्की द्वूर’, म्हणजे इटालियनांचा वाडा, या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘वाडा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण मध्ये चौक आणि भोवती नाणी पाडणाऱ्यांच्या खोल्या ही तिची ठेवण आपल्याला परकी वाटत नाही. एक ठसा ऐरणीत रोवलेला, दुसरा हातात धरलेला, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोड्याचा घाव, अशा रीतीने प्रत्येक नाणे पडत असे. खाणकामाचे नियम सांगणारी राजाची लॅटिन संहिताही त्याच सुमारास, इटालियन कायदेपंडिताच्या साहाय्याने, तयार झाली.

आपण १८ जानेवारीच्या आसपास गेलात, तर या वाड्यात एक तारीख आठवावी. १८ जानेवारी १४०९ रोजी राजा वात्स्लाव चौथा याने कुत्ना होरा येथे जो हुकूम काढला, त्याने प्राग विद्यापीठाच्या कारभारात चेकांना तीन मते आणि इतर, बहुतांशी जर्मन, तीन गटांना मिळून एक मत दिले. तोपर्यंत चारही गटांना प्रत्येकी एक मत होते. जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी प्राग सोडून गेले आणि त्याच वर्षी लाइप्त्सिग विद्यापीठ स्थापन झाले. बारा वर्षांनी, डिसेंबर १४२१ मध्ये, राजा सिगिस्मुंडच्या सैन्याने या गावाजवळ हुसाइटांना वेढले असता दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला सेनापती यान झिझ्का तोफा चढविलेल्या गाड्यांनिशी रात्रीच वेढा फोडून निसटला, आणि थोड्याच दिवसांत माघार घेणाऱ्या सिगिस्मुंडने गावाला आग लावली. गोठलेल्या जमिनीवरून त्या अवजड गाड्या कशा धावल्या असतील याची कल्पना उन्हाळ्यातील प्रवाशाला येत नाही.

आता चर्च. संत बार्बरा ही खाणकामगारांची संरक्षक देवता. तिच्या चर्चचे काम १३८८ मध्ये सुरू झाले. गावच्या धार्मिक कारभारावर सेदलेत्सच्या मठाचा हक्क होता आणि तो जुमानायचा नाही म्हणून खाणमालकांनी स्वतःच्या पैशाने, मठाच्या हद्दीबाहेरची जागा निवडून हे चर्च उभारावयास घेतले. म्हणजे भक्तीइतकीच ईर्ष्याही त्या पायात आहे. हुसाइट युद्धांत काम कित्येक दशके थांबले. त्यानंतर मात्येय रेयसेक आणि बेनेडिक्ट रीड यांनी ते पुढे नेले. रीडने मध्यभागाच्या छतावर कमळाच्या पाकळ्यांसारख्या वळणाऱ्या फासळ्यांची जी जाळी विणली आहे, ती पाहण्यासाठी बाकावर मान मागे टाकून निदान दहा मिनिटे बसावे. १६व्या शतकात खाणी आटल्या. ‘ओसेल’, म्हणजे गाढव, नावाची खाण सुमारे ५०० मीटर खोल गेली होती. इतक्या खोलीतून पाणी उपसणे परवडेना आणि १५४७ मध्ये ग्रोशेन पाडणे बंद झाले. पैसा संपल्यावर चर्चच्या उघड्या टोकाला तात्पुरती भिंत घालण्यात आली आणि ती तात्पुरती भिंत तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. मूळ कल्पनेपेक्षा बरेच आखूड असे हे चर्च अखेर १९०५ मध्ये पूर्ण झाले.

आत गेल्यावर झुकून डावी-उजवीकडील लहान प्रार्थनाकक्षांच्या भिंती पाहाव्यात. संतांच्या जोडीने तेथे नाणी पाडणारे कारागीर चितारले आहेत, आणि पांढरा डगला घातलेल्या खाणकामगाराचा पुतळाही चर्चमध्ये आहे. अंधारात एकमेकांना दिसावे म्हणून डगला पांढरा असे. राजेरजवाड्यांनी भरलेल्या युरोपीय चर्चांमध्ये कामगाराला असे मानाचे स्थान क्वचितच मिळते. गाव आणि सेदलेत्सचे चर्च १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडे चालते. तेथे थंडीत दिवसभर काय खावे? आणि पुण्याच्या डिसेंबरला सरावलेल्या माणसाने कपडे कोणते न्यावेत?
एक वाचक, पुणे

उत्तर : डबा सोबत ठेवावा, हे पहिले उत्तर, धपाटे किंवा दशम्या थंडीत उत्तम टिकतात. गावात मिळणाऱ्या पदार्थांत पिठात घोळून तळलेले चीज, म्हणजे ‘स्माझेनी सीर’, आणि लसूण-मरव्याच्या वासाचे बटाट्याचे घावन, म्हणजे ‘ब्रांबोराक’, हे दोन भरवशाचे आहेत. लसणीचे सूप चवीला छान असते, परंतु ते पुष्कळदा मांसाच्या रसात केलेले असते, तेव्हा ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाविना, असे विचारूनच मागवावे. चहाला चेक भाषेत ‘चाय’च म्हणतात, पण तो दुधाविना येतो. देशाचे चलन युरो नसून कोरुना आहे आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी जवळ असावी लागतात.

कपड्यांबाबत जाड स्वेटरपेक्षा थरांचा विचार करावा : अंगालगत उबदार बनियन व पायजमा, त्यावर लोकर, त्यावर वारा अडविणारे जाकीट. तापमान शून्याच्या आसपास, कधी त्याखाली असते. आपण रस्त्यावर गारठत नाही, कारण चालत असतो. गारठतो ते चर्चमध्ये स्थिर उभे राहून. तेथील फरशीची थंडी तळव्यांतून वर चढते. म्हणून सारा खर्च बुटांवर करावा : खोल खाचांचा रबरी तळ, आत जाड मोज्यांना जागा. संत बार्बराकडे जाणारा रस्ता दगडी आहे आणि त्यावर गोठलेले पाणी पडले की नव्या, गुळगुळीत तळाचे बूट महागात पडतात.

प्रश्न : आम्हाला नाताळाच्या दिवसांतच रजा आहे. २४ किंवा २५ डिसेंबरला गेल्यास गावात सणाची शोभा पाहायला मिळेल ना?
एक वाचक, मुंबई

उत्तर : त्या दोन दिवशी जाऊ नये. चेक लोकांचा खरा नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, घरात दार लावून, मासा आणि बटाट्याच्या कोशिंबिरीच्या जेवणाने साजरा होतो. त्या दिवशी मोठी दुकाने कायद्यानेच दुपारी बारा वाजता बंद होतात, २५ व २६ तारखेला ती उघडत नाहीत आणि गाड्याही कमी धावतात. बाहेरच्या माणसाला त्या संध्याकाळी दिसतात ते केवळ पडद्याआडचे दिवे. रजा पुढे-मागे सरकवता आली, तर डिसेंबरचा पहिला आठवडा निवडावा. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस असतो. त्या दिवशी चेरीच्या डहाळ्या तोडून घरात पाण्यात ठेवण्याची प्रथा आहे. नाताळापर्यंत त्यांना फुले आली तर घरातील मुलीचे पुढील वर्षी लग्न जमते, असे मानतात. रजा हलत नसेल, तर २७ किंवा २८ डिसेंबरची सकाळ धरावी. दोन्ही चर्चच्या आणि टांकसाळीच्या वाड्याच्या त्या आठवड्यातील वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात, कारण सणाच्या आठवड्यात त्या बदलतात.